गुळीचं ऑपरेशन आणि मी लिहिलेला नियम

आमच्या कॉलनीच्या मीटिंगच्या वहीत माझ्याच अक्षरात एक ठराव आहे. 'कॉलनीतील सर्व पाळीव कुत्र्या-मांजरांचे निर्बीजीकरण वयाच्या सहा महिन्यांच्या आत करून घेणे सक्तीचे राहील. ज्यांचे वय यापेक्षा जास्त आहे त्यांनी ३० दिवसांत करून घेऊन डॉक्टरांचा दाखला सेक्रेटरींकडे जमा करावा.' सेक्रेटरी मीच. आणि ३० दिवसांत दाखला न देणारा पहिला माणूसही मीच.

ऑगस्ट २०२५ मधली गोष्ट. ११ तारखेला सुप्रीम कोर्टानं दिल्ली आणि आसपासची भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात कोंडायला सांगितलं. देशभर गदारोळ झाला. २२ तारखेला तो आदेश बदलला. नसबंदी करा, रेबीजची लस टोचा आणि जिथून उचललं तिथंच सोडा, पिसाळलेली आणि अंगावर धावून येणारी तेवढी सोडू नका, असं ठरलं आणि विषय सगळ्या राज्यांपर्यंत गेला. हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू होऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता, त्यामुळे गावात जो तो वकील झालेला. २४ तारखेच्या रविवारी आमची मीटिंग होती गणपतीच्या मांडवासाठी, पण मांडव बाजूला राहिला आणि दीड तास कुत्र्यांवर गेला.

मागच्या खुर्चीवरून कुणीतरी म्हणालं, "ही भटकी येतात कुठनं ओ? पाळलेल्यांचीच पोरं की ही."

बोलणाऱ्यानं माझ्याकडं बघितलंही नव्हतं. तरी मला ते बरोबर लागलं. त्याच तिरीमिरीत मी वही ओढली आणि तो ठराव लिहिला. हात वर झाले, मंजूर.

का लागलं, ते सांगायला गुळीपासून सुरुवात करावी लागेल. २०२३ च्या दिवाळीनंतर मामाच्या गुऱ्हाळावर गेलो होतो. चुलवाणाच्या उबेला चिपाडात तीन पिल्लं पडली होती. त्यातलं एक माझ्या मुलीनं जॅकेटमध्ये घातलं आणि गाडीत जाऊन बसली. रंग ताज्या गुळाच्या रव्यासारखा, म्हणून गुळी. पुढच्या वर्षी भादवा आला. भादव्यात कुत्री माजावर येतात हे लहानपणापासून ऐकलेलं, पण आपल्या घरातलं पोर मोठं झालं हे आपल्यालाच शेवटी कळतं. अनंत चतुर्दशीच्या रात्री सगळे मिरवणूक बघायला महाद्वार रोडला गेलो. पहाटे परत आलो तर फाटक उघडं आणि गुळी नाही. सहाला आली, मागं तीन बघे घेऊन. कुत्रीचे दिवस साधारण ६३. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जिन्याखाली सहा पिल्लं झाली.

एक चौथ्या दिवशी गेलं. दोन जरा मोठी झाल्यावर फाटकाच्या फटीतून बाहेर पडली आणि एकाच आठवड्यात गाडीखाली आली. एक नर मामाकडं गेला, एक नर उद्यमनगरात माझ्या वर्कशॉपमधल्या हेल्परनं नेला. उरलेली मादी तावडे हॉटेलजवळच्या एका टपरीवाल्याला दिली. माणूस चांगला होता, दूध-पाव घालायचा. पुढं टपरी उठली. माणूस गावाकडं गेला, कुत्री तिथंच राहिली. हायवेला जाताना मला ती दोन-तीनदा दिसली. रंगावरूनच कळायचं.

'एका मादीपासून सहा वर्षांत ६७ हजार कुत्री' असं एक पोस्टर मोबाइलवर फिरतं. ते मीही पुढं ढकललं होतं. हिशेब असा की जन्मलेलं प्रत्येक पिल्लू जगतं आणि पुन्हा वितं. तसं असतं तर रंकाळ्याला फिरायला माणसाला जागा उरली नसती. पश्चिम बंगालमध्ये भटक्या कुत्र्यांच्या ९५ विणींतल्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये छापून आला. वयात येईपर्यंत जगली १९ टक्के. आणि मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसामुळं. माझ्या जिन्याखालच्या सहांतली तीन जगली, पण मेलेल्या तिघांतली दोन माणसामुळंच. मला ६७ हजारांपेक्षा हा १९ चा आकडा जास्त वाईट वाटतो.

ठराव मंजूर झाल्यावर घरी सांगितलं की गुळीचं ऑपरेशन करायचं. आई म्हणाली, "मुक्या जिवाला कशाला कापायचं? मी सांगतो तुला, एकदा बाळंत झाली की झालं तिचं समाधान." एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत ही समजूत आमच्याकडं घट्ट आहे. पण गुळीची झाली होती आणि समाधान कुणाचंच झालं नव्हतं. मामाचा फोन आला, "बैल बडवल्यावर शांत हुतो हे खरं, पर तो नांगराला लागतो. कुत्रीला कशापाय?" बडवणं म्हणजे खच्ची करणं.

तालमीतला एक मित्र तर भडकलाच. निसर्गाच्या विरुद्ध, पाप, वगैरे. हाच गडी दर रविवारी सकाळी मटणाच्या दुकानात उभा राहून पहिलं वाक्य विचारतो, "खच्चीचा हाय न्हवं?" मटणाच्या दरावरून आंदोलन करणारं आपलं गाव. बोकड खच्ची केल्याशिवाय मटणाला चव नाही हे इथं शेंबड्या पोराला ठाऊक, आणि निसर्ग आठवतो तो कुत्र्याच्या वेळी. हे त्याला बोललो तर म्हणाला, "त्ये खायाचं असतंय रं." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

एका ठिकाणी फोन केला. "उद्या सकाळी उपाशीपोटी घेऊन या," एवढंच. रक्त तपासायला लागतं का? "जवान कुत्री आहे, काही लागत नाही." मी जाणारच होतो, कारण ३० दिवसांचं घड्याळ मीच लावलेलं. बायकोनं अडवलं. तिच्या शाळेतल्या एका बाईंनी दुसऱ्या डॉक्टरांचं नाव दिलं होतं. तिथं गेलो.

डॉक्टर मॅडमनी गुळीच्या कानात बोट घातलं आणि एक टपोरी गोचीड काढून माझ्या तळहातावर ठेवली. मग रक्त घेतलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, ६८ हजार. कुत्र्याला दोन लाखांच्या वर असायला हव्यात. गोचीड तापाचा जंतू आतून काम करत होता आणि वरून ही खाऊन-पिऊन ठणठणीत. "आत्ता पोट उघडलं असतं तर रक्त थांबवता थांबवता माझी दमछाक झाली असती," मॅडम म्हणाल्या. डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या, चार आठवडे. गोळी पोळीत घातली तर पोळी खाऊन गोळी थुंकायची. शेवटी पेढ्यात घातली, पण मॅडमना ते सांगितलं नाही.

गोळ्या संपायच्या आधीच भादव्यानं आपलं काम केलं. गुळी माजावर आली. त्या काळात तिकडचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, रक्तस्राव जास्त होतो, म्हणून माज संपून दोन महिने जाऊ द्या असं सांगितलं. म्हणजे डिसेंबर. ३० दिवसांचे झाले साधारण १०० दिवस. मी लेथवर काम करणारा माणूस. ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे माप किती इकडं-तिकडं चालेल ते, न लिहिता नुसतं माप टाकणाऱ्या इंजिनिअरला आम्ही काय काय शिव्या देतो ते इथं लिहिता येणार नाही. आणि मी वहीत तेच करून बसलो होतो.

हे सगळ्यात आधी पकडलं ते आमच्या समोरच्या काकांनी. रिटायर्ड बँक मॅनेजर, त्यांच्याकडं लॅब्राडोर, नर, तेव्हा सात महिन्यांचा. एका संध्याकाळी कागदांची चळत घेऊन आले. "सेक्रेटरीसाहेब, तुमच्या नियमानं माझा कुत्रा लंगडा होणार." कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाचे अभ्यास होते. २०१३ मध्ये ७५९ गोल्डन रिट्रीव्हरच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वर्षाच्या आत नसबंदी झालेल्यांमध्ये सांध्यांचे आजार जास्त दिसले. पुढं २०२० मध्ये ३५ जाती तपासल्या. लहान जातींत असा फरक जवळपास दिसत नाही, मोठ्या अंगाच्या जातींत बऱ्याच ठिकाणी दिसतो. हाडांची वाढ थांबायला जी हार्मोन्स लागतात तीच काढून टाकली तर हाड जरा जास्त वाढतं, असं त्यामागचं कारण सांगतात.

मला काकांचा राग आला, कारण ते बरोबर होते. मी म्हटलं, लॉस एंजेलिसनं २००८ पासून चार महिन्यांवरच्या कुत्र्या-मांजरांना सक्ती केलीय, दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१८ नंतर जन्मलेल्यांना आहे, ती माणसं काय वेडी? ते म्हणाले, त्या दोन्ही ठिकाणी डॉक्टरांनी लिहून दिलं तर सूट आहे, ब्रीडरला सूट आहे, तुमच्या वहीत आहे? अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेचाच अशा सरसकट सक्तीला पाठिंबा नाही, हेही त्यांनी काढलं. आणि नॉर्वे. तिथं कारणाशिवाय कुत्र्याची नसबंदी करायलाच कायदा परवानगी देत नाही. मी म्हटलं, नॉर्वेत गल्लीत कुत्रं दिसत नाही आणि तिथल्या माणसाला फाटक लावायची सवय आहे, माझं फाटक अनंत चतुर्दशीला उघडं राहिलं. यावर काका हसले. चहा पिऊन गेले. कागद मात्र टेबलावर ठेवून गेले.

आपल्याकडचं कागदावर काय आहे तेही मग बघितलं. प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाचे २०२३ चे नियम आहेत, १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केलेले. भटक्या कुत्र्यांची नसबंदी हे स्थानिक संस्थेचं काम, आणि पाळीव जनावराचं जंताचं औषध, लस, नसबंदी ही मालकाची जबाबदारी, असं त्यात लिहिलंय. म्हणजे जबाबदारी आधीच आहे. किती महिन्यांच्या आत, ते मात्र तिथं लिहिलेलं नाही. तो शहाणपणा मी एकट्यानं केला होता.

मॅडमना मी सरळच विचारलं, तुम्ही सक्तीच्या बाजूच्या की विरुद्ध? त्या म्हणाल्या, माझ्या टेबलावर आलेल्या कुत्रीपुरतं विचारा. मग पू झालेल्या गर्भाशयाबद्दल बोलल्या. नसबंदी न केलेल्या माद्यांत हा आजार फार. स्वीडनमध्ये कुत्र्यांचे विमे उतरवतात, तिथल्या नोंदींनुसार दहा वर्षांची होईपर्यंत जवळजवळ चौथ्या हिश्शाच्या माद्यांना होतो. मालक रात्री अकराला कुत्री हातावर घेऊन येतो, आणि जे ऑपरेशन धडधाकट असताना झालं असतं तेच तापानं फणफणलेल्या जनावरावर करावं लागतं. स्तनाच्या गाठींचं काय? नसबंदी न केलेल्या मादीचा धोका १०० धरला, तर पहिल्या माजाच्या आधी केलेलीचा अर्धा, एका माजानंतर ८, दोननंतर २६, हे १९६९ च्या अभ्यासाचे आकडे सगळीकडं छापतात. पण २०१२ मध्ये सगळा पुरावा पुन्हा चाळला गेला तेव्हा तो कच्चा निघाला, हेही त्यांनीच सांगितलं. "तुमच्या गुळीचे तर माज होऊन गेलेत. गाठींचं आमिष मी तुम्हाला दाखवणार नाही. पुवाचं दाखवते." मला हा प्रामाणिकपणा फार आवडला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नंबर लागला. आदल्या रात्री आठनंतर अन्न बंद, सकाळी पाणी बंद. गुळी रिकाम्या ताटलीकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत होती. संमतीपत्रावर सही केली. भुलीत जिवाला धोका होऊ शकतो हे वाक्य वाचताना पेन थोडं थांबलं. पुढच्या पायाची जागा भादरून सुई बसवली, एक इंजेक्शन दिलं आणि माझ्या मांडीवरच तिची मान जड होत गेली. तिला आत नेलं आणि मी बाहेरच्या बाकड्यावर. शेजारी एक आजोबा मांजर टोपलीत घेऊन बसले होते. "कुटुंब नियोजन व्हय?" म्हणाले. आमच्या पिढीला त्या शब्दाबरोबर लाल त्रिकोण आठवतो. मी मान हलवली.

पाऊण तासानं मॅडमनी आत बोलावलं. स्टीलच्या ट्रेमध्ये गुळीचं गर्भाशय होतं. पोरं चिंचा पाडायला करतात त्या बेचकीसारखा आकार, खाली एक दांडी आणि वर दोन लांब फाटे. प्रत्येक फाट्याच्या टोकाला वाटाण्याएवढं बीजकोश. सहा पिल्लं या दोन फाट्यांत रांगेनं बसली होती. मला वाटलं होतं कसंसंच होईल. तसं काही झालं नाही. फक्त एवढंसं दिसलं ते. बरोबरच्या मुलीनं फोटो काढू का विचारलं. मी नको म्हटलं.

घरी आणलं तेव्हा डोळे उघडे पण माणूस ओळखत नव्हती. थरथरत होती. आईनं सगळा विरोध विसरून स्वतःची गोधडी दिली आणि रात्रभर जिन्याशी बसली. तिसऱ्या दिवशी आमच्या आधी गुळीसाठी मटणाची अळणी बाजूला निघाली, मीठ-मसाला पडायच्या आत. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा मोठा कर्णा घालतात. मुलीनं त्याचं नाव ठेवलं 'डॉल्बी'. डॉल्बी दाराच्या चौकटीला, खुर्चीला, आईच्या घोट्याला आपटायचा. पाचव्या दिवशी दया येऊन तासभर काढला आणि तेवढ्यात तिनं खालचे दोन टाके मोकळे केले. पुन्हा गाडी, पुन्हा मॅडम, सूज उतरायच्या गोळ्या आणि मला चार शब्द. दहा दिवसांचे टाके पंधराव्या दिवशी निघाले.

खर्चाचंही सांगतो, कारण याबद्दल कुणी उघड बोलत नाही. रक्ताच्या दोन तपासण्या, ऑपरेशन, औषधं, डॉल्बी, सगळं धरून नऊ हजार चारशे. माझ्या हेल्परचा पगार चौदा हजार. त्याच्याकडं गुळीचा एक पोरगा आहे. नराचं काम सोपं आणि स्वस्त असतं, तरी निम्मे धरा. त्याला मी कुठल्या तोंडानं दाखला मागू? म्हणून एका कार्यालयात चौकशीला गेलो. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "पाळीव की भटकं?" पाळीव. "मग खाजगीत न्या. इथं फक्त भटक्यांचं." मी म्हटलं, समजा सोडून दिलं गल्लीत, तर? तो हसला. "मग आमच्याकडं येईल की."

त्याच्यावर राग नाही. नियम त्यानं केलेला नाही. पण कान कापलेली, म्हणजे नसबंदी झालेली कुत्री गल्लीत मोजत असताना दाराच्या आतल्यांना कुणीच मोजत नाही, आणि नवं पिल्लू गल्लीत येतं ते बऱ्याचदा आतूनच. सक्ती हवी असं मला अजूनही वाटतं. काकांना नाही वाटत, आणि ते यावर माझ्याशी मरेपर्यंत भांडतील. पण सक्ती महिन्यांची नको आणि दाखल्याची तर अजिबात नको. दाखला गोळा केला की तो आणू शकणाराच सापडतो. बाकीचा कुत्रं सोडून देतो आणि म्हणतो, माझं नव्हेच. सक्ती असेल तर पिल्लांची असावी. तुझ्या दारात पिल्लं झाली तर ती कुठं गेली ते तू सांगायचं, एकेकाचं. आणि ऑपरेशनला पैसे नसतील तर ते गोळा करायची सक्ती आपल्यावर.

जानेवारीच्या मीटिंगमध्ये मी माझाच ठराव खोडला आणि हे लिहिलं. गणपतीच्या वर्गणीतले साडेअकरा हजार शिल्लक होते. ते या कामाला काढायचे म्हटल्यावर अर्धी खोली उठून उभी राहिली. देवाचे पैसे कुत्र्याच्या नसबंदीला? आश्चर्य म्हणजे काका माझ्या बाजूनं बोलले. "भादव्याचेच पैसे आहेत, भादव्यालाच लागू देत." सहा मतांनी पास झालं. पहिला नंबर हेल्परच्या कुत्र्याचा लागला, तो होऊन गेला, दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये भुंकत होता. काकांचा लॅब्राडोर आता वर्षाचा झालाय. दीड वर्षाचा झाल्यावर विचार करू म्हणतात. मी विषय काढत नाही. मागच्या आठवड्यात मात्र त्यांनी मॅडमचा नंबर मागून घेतला, दात दाखवायला म्हणून.

राहिली तावडे हॉटेलजवळची. गेल्या दोन रविवारी मुलीला घेऊन तिथं गेलो. पोट दिसायला लागलंय तिचं. आईसारखीच कान पाडून जवळ येते, बिस्किट घेते, आणि दोरी बघितली की सर्व्हिस रोड ओलांडून पलीकडं. मॅडम म्हणाल्या, पकडून आणा आधी, किती दिवस झालेत ते बघून ठरवू. या रविवारी बिस्किटं नेणार नाही. आईला सांगून अळणीतले दोन तुकडे डब्यात घेतलेत, आणि दोरी मुलीच्या जॅकेटच्या आत.